संतसाहित्याच्या वर्गात जनरेटिव्ह एआयवर चर्चा कशी घ्यावी : नव्या अध्यापकांसाठी मार्गदर्शक

वारकरी शिक्षण देणाऱ्या संस्था, कीर्तन महाविद्यालये, विद्यापीठांतील संतसाहित्याचे पदव्युत्तर वर्ग आणि धर्मग्रंथांच्या अभ्यासाभोवती उभ्या राहिलेल्या इतर उच्च शिक्षण संस्था यांत नव्याने शिकवू लागलेल्या अध्यापकांसाठी हा लेख आहे. चॅटजीपीटी हे जनरेटिव्ह एआय, म्हणजे विचारल्यावर नवा मजकूर घडवून देणारे साधन, ३० नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वांसाठी खुले झाले. आज कीर्तनाचे टिपण, प्रवचनाची मांडणी किंवा लघुप्रबंध लिहिताना विद्यार्थ्याच्या हाताशी असे एखादे साधन असते, हे गृहीत धरूनच आपल्याला शिकवावे लागते. बहुतेक ठिकाणी या विषयाची सुरुवात फलकावरच्या बंदीच्या सूचनेने होते, नाहीतर एखाद्या संगणकतज्ज्ञाच्या व्याख्यानाने होते, आणि दोन्हींत आपल्या शिक्षणाचा मूळ हेतू बाजूला राहतो. आपला विद्यार्थी उद्या नारदाच्या गादीवर उभा राहून संतांच्या नावाने बोलणार आहे आणि समोरचे श्रोते त्याचे प्रमाण, म्हणजे आधार म्हणून दिलेले संतवचन, खरे मानून घरी नेणार आहेत. त्यामुळे त्याच्याशी होणारी चर्चा 'नक्कल करू नकोस' एवढ्यावर थांबू शकत नाही. तू जे बोलतोस त्याचा जबाबदार कोण, हा प्रश्न तिच्या केंद्रस्थानी असावा, असे माझे ठाम मत आहे. पुढील सर्व पायऱ्या याच मतावर उभ्या आहेत.

आधी जमवून ठेवावयाचे साहित्य

- तुकाराम गाथेची किमान एक विश्वसनीय मुद्रित प्रत. मुंबई सरकारने १९५० साली प्रसिद्ध केलेल्या गाथेत ४६०७ अभंग असून तिच्या अनुक्रमणिकेमुळे वर्गात शोध घेणे सोपे जाते. शक्य असल्यास संप्रदायात चालणारी दुसरी एखादी प्रतही सोबत ठेवावी.
- ज्ञानेश्वरीची मूळ ओव्या आणि अर्थ असलेली प्रत.
- एकच मोबाइल किंवा संगणक आणि पडदा. प्रत्येकाने स्वतःच्या मोबाइलवर प्रयोग करू नये, याचे कारण चौथ्या पायरीत येईल.
- संस्थेचे परीक्षा नियम. विद्यापीठाशी संलग्न वर्ग असल्यास वाङ्मयचौर्याविषयीचे विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे विनियमही.
- वाचनासाठी युनेस्कोने सप्टेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेली शिक्षण व संशोधनातील जनरेटिव्ह एआयविषयीची मार्गदर्शिका.

१. वर्गात जाण्यापूर्वी संस्थेतील ज्येष्ठांशी बोला

आपल्या संस्थांत प्राचार्यांइतकाच, कित्येकदा त्याहून अधिक, अधिकार ज्येष्ठ महाराज मंडळींचा असतो. त्यांना न विचारता वर्गात एआय उघडल्यास चर्चेचा विषय राहतो बाजूला आणि अध्यापकाच्या हेतूवरच शंका घेतली जाते. म्हणून त्यांना आधी भेटा. आपण हे साधन शिकवणार नसून त्याविषयी विद्यार्थ्यांना विचार करायला लावणार आहोत, हे स्पष्ट सांगा आणि त्यांची हरकत असल्यास ती पूर्ण ऐकून घ्या. पुष्कळदा त्या हरकतीतच वर्गातील चर्चेचा सर्वांत चांगला प्रश्न दडलेला असतो. विद्यार्थ्यांनी कोणत्या कामासाठी काय वापरावे, याविषयी संस्थेची लेखी भूमिका नसेल, तर तोवर एका पानाचे तात्पुरते टिपण तयार करून त्यावर त्यांची संमती घ्या.

२. यंत्र काय करते, ते थोडक्यात सांगा

हा भाग पंधरा मिनिटांपेक्षा लांबवू नका. प्रचंड लिखित मजकुरावरून या यंत्राने शब्दांचे संबंध शिकलेले असतात, ते मजकुराचे लहान लहान तुकडे करते आणि पुढे कोणता तुकडा येण्याचा संभव अधिक, याचा हिशेब करत उत्तर घडवते, एवढे विद्यार्थ्यांना समजले तरी पुरेसे आहे. यातून तीन गोष्टी निघतात आणि त्या मात्र आवर्जून सांगाव्यात. यंत्र उत्तर देताना गाथा उघडून पाहत नाही. इंटरनेटवर शोध घेण्याची सोय असली, तरी तेथे सापडणारा पाठ शुद्ध असेलच असे नाही. त्याच्या शिकवणीत इंग्रजी मजकूर फार मोठा आणि जुनी मराठी अगदी थोडी असल्याने ते यादवकालीन शब्दाला आजचा अर्थ चिकटवते किंवा हिंदी वळणाची मराठी लिहिते. तिसरी गोष्ट म्हणजे, चूक असताना आणि बरोबर असताना त्याचा स्वर सारखाच आत्मविश्वासाचा असतो.

येथे नेहमी होणारी गफलत म्हणजे यंत्राला आत्मा आहे का, त्याला जाणीव होईल का, या वादात तास संपून जाणे. विद्यार्थ्यांना हा वाद आवडतो, कारण वेदान्ताची परिभाषा त्यांच्या तोंडी असते. त्यासाठी वेगळा तास ठेवा.

३. परंपरेतच असलेल्या प्रश्नापासून सुरुवात करा

दुसऱ्याचे शब्द, स्वतःचे शब्द आणि संतांचे नाव यांच्या सरमिसळीचा प्रश्न आपल्या परंपरेला नवा नाही, हे विद्यार्थ्यांना दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली सिद्ध झाली. पुढे सुमारे तीनशे वर्षांत हस्तलिखितांच्या प्रती होताना तिच्यात पाठभेद आणि परक्या ओव्या शिरल्या. एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, प्रती पडताळून ती शुद्ध केली आणि अखेरीस इशारा लिहून ठेवला की, ज्ञानेश्वरीच्या पाठात जो स्वतःची मराठी ओवी घालील, त्याने अमृताच्या ताटात नरोटी (नारळाची करवंटी) ठेवली असे समजावे. हा इशारा वर्गात मोठ्याने वाचून घ्या आणि विचारा: नाथांचा आक्षेप नव्या ओवीच्या दर्जावर होता की तिच्या जागेवर? नाथांनी स्वतः विपुल रचना केली, पण ती 'एका जनार्दनी' या मुद्रेखाली, म्हणजे आपल्या नावाच्या खुणेखाली, केली. नवे लिहिण्यास त्यांची मनाई नव्हती. कोणाचे कोणते, हे ओळखता येईनासे होणे त्यांना नामंजूर होते.

दुसरे उदाहरण सालोमालोचे. तुकाराम महाराजांचे अभंग स्वतःच्या नावावर खपवणारा म्हणून परंपरा त्याचे नाव घेते आणि गाथेत त्याच्यावर कठोर अभंग आहेत. एका उदाहरणात आपले शब्द संतांच्या नावावर जातात, दुसऱ्यात संतांचे शब्द आपल्या नावावर येतात. जनरेटिव्ह एआयमुळे ही दोन्ही कामे काही सेकंदांत होतात, आणि करणाऱ्याला आपण असे काही केले याची जाणीवही होत नाही. आळंदीत १९१७ साली वारकरी शिक्षण संस्था सुरू करणाऱ्या विष्णुबुवा जोगांनी सार्थ गाथा सिद्ध करण्याचेही कष्ट घेतले. कीर्तनकाराच्या शिक्षणात मूळ ग्रंथाचे स्थान काय, हे त्यावरून विद्यार्थ्यांना सहज पटवता येते.

४. प्रमाण तपासण्याचा प्रयोग करा

चर्चेचा हा गाभा आहे, त्यासाठी संपूर्ण तास द्या. पडद्यावर एआयला असे विचारा: 'मनःशांतीवर तुकाराम महाराजांचा अभंग क्रमांकासह द्या.' कधी खरा अभंग येतो, कधी खऱ्या अभंगाचे एक चरण आणि बाकी भर येते, आणि कधी सबंध रचनाच बनावट असते. अशा बनावट रचनेचा बाज कळावा म्हणून वर्गासाठी मी तयार केलेला एक नमुना देतो. नाममुद्रेच्या जागी मुद्दाम 'अमुक' लिहिले आहे.

मन शांत ठेवा । सकारात्मक व्हावे ।
जीवनी भरावे । आनंदाने ॥
अमुक म्हणे देव । अंतरी शोधावा ।
प्रवास हा व्हावा । यशस्वी ॥

आता विद्यार्थ्यांना गटांत बसवा आणि दोष शोधायला सांगा. अक्षरे मोजणारा विद्यार्थी लगेच सांगेल की, 'अमुक'मुळे वाढलेले अक्षर सोडले तरी, मोठ्या अभंगाच्या सहा-सहा-सहा-चार या मापात दुसऱ्या चरणात एक अक्षर जास्त आहे आणि शेवटच्या चरणात एक कमी. भाषेची जाण असलेला 'सकारात्मक' आणि 'प्रवास यशस्वी व्हावा' यांवर बोट ठेवील, कारण हे शब्दप्रयोग आजच्या व्याख्यानांतले आहेत, सतराव्या शतकातल्या देहूचे नव्हेत. आणि ज्याचे पाठांतर चांगले आहे, तो बहुधा सर्वांत नेमके बोलेल: येथे विठ्ठल नाही, भांडण नाही, आर्तता नाही, नुसता उपदेश आहे.

एवढ्यावर समाधान मानू नका. या खुणा आजच्या आहेत. उद्याचे यंत्र मापात बसणारी आणि जुन्या वळणाची रचना देईल. दुसरीकडे, अस्सल अभंगांतही छापील पाठात अक्षरे कमी-जास्त होतात, गाताना ती सावरली जातात. कानाला खटकले म्हणून खोटे आणि कानाला गोड लागले म्हणून खरे, हा निकष चालणार नाही. म्हणून प्रत्येक गटाच्या हातात गाथा द्या आणि पहिल्या चरणावरून अनुक्रमणिकेत शोध घ्यायला लावा. यंत्राने दिलेला क्रमांकही पाहा. त्या क्रमांकावर बहुधा भलताच अभंग निघतो. अभंग एका प्रतीत सापडला नाही, तर दुसरी प्रत पाहा, कारण प्रतींमध्ये पाठ, क्रम आणि संख्या यांत फरक असतात. कोठेच सापडला नाही, तर विद्यार्थ्याने कीर्तनात तो प्रमाण म्हणून देऊ नये. हा नियम एआयच्या बाबतीत जितका खरा, तितकाच व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या अभंगांच्या बाबतीतही खरा आहे.

या प्रयोगातील मोठा धोका ध्यानात ठेवा. पडद्यावरच्या बनावट अभंगाचे छायाचित्र विद्यार्थी सहज काढतात, ते गटागटांतून पुढे जाते आणि चार दिवसांत तो संतांचा अभंग म्हणून परत येतो. म्हणून प्रयोग एकाच यंत्रावर करा, पडद्यावर ठळक अक्षरांत 'बनावट नमुना' असे लिहा, नाममुद्रा झाका आणि तास संपण्यापूर्वी तो मजकूर पुसून टाका. खोट्या प्रमाणाविषयी शिकवताना आपणच नवे खोटे प्रमाण गावभर पाठवावे, असे होऊ नये.

५. 'नव्हे माझी वाणी पदरींची' या आक्षेपासाठी तयार राहा

हुशार विद्यार्थी हा प्रश्न विचारतोच, आणि तो विचारला गेला नाही तर आपण विचारावा. तुकाराम महाराजच म्हणतात, 'करितों कवित्व म्हणाल हें कोणी । नव्हे माझी वाणी पदरींची'. मग शब्द स्वतःचे असण्याचा एवढा आग्रह कशासाठी? संतांनी 'मी'पणा सोडला, आपण मात्र लेखकाच्या हक्काची भाषा बोलत आहोत, हे परंपरेला धरून आहे का?

उत्तर देण्याची घाई करू नका, आधी सबंध अभंग वाचून घ्या. त्यात विश्वंभर आपल्याला बोलवतो असे महाराज म्हणतात, स्वतःला मापाला बसवलेला निमित्तमात्र म्हणतात आणि शेवटी मी खरा पाईक (धन्याचा सेवक) आहे, नामाची मुद्रा वागवतो आहे, असे सांगतात. येथे कर्तेपण सोडले आहे, पण उत्तरदायित्व सोडलेले नाही. पाईक धन्याला बांधलेला असतो. मुद्रा वागवणाऱ्याला ती कोणी दिली हे ठाऊक असते आणि तिचा गैरवापर झाल्यास जाब कोणाला द्यायचा, हेही. यंत्र कोणाचा पाईक आहे, असे विद्यार्थ्यांना विचारा. ते ज्या कंपनीने घडवले तिचा, वापरणाऱ्याचा, की कोणाचाच नाही? या प्रश्नावर वर्ग खरोखर विचारात पडतो, आणि नीतिशास्त्राच्या परक्या परिभाषेचा आधार न घेता उत्तरदायित्वाचा मुद्दा त्यांच्या हाती येतो.

त्यानंतर आणखी अवघड प्रश्न येतो. एआयने लिहिलेले चिंतन ऐकून एखाद्या श्रोत्याच्या डोळ्यांत पाणी आले, तर ती भक्ती खोटी का? माझे मत असे की श्रोत्याचा भाव खराच आहे. प्रश्न वक्त्याच्या दाव्याचा आहे. 'अनुभवें आलें अंगा' या वचनाच्या आधाराने जो बोलतो, त्याने जे अंगी आलेच नाही ते आल्यासारखे सांगितले, तर श्रोत्याचा विश्वास त्याने वापरून घेतला. तयार कीर्तनांची पुस्तके पूर्वीपासून मिळतात, मग यात वेगळे काय, असेही कोणी विचारील. त्या पुस्तकावर कोणाचे तरी नाव असते, त्याची चूक दाखवता येते, त्याला पत्र लिहिता येते. यंत्राच्या उत्तराला असा कोणी धनी नाही, म्हणून त्याची सगळी जबाबदारी ते उच्चारणाऱ्यावर येऊन पडते. सर्वांचे एकमत व्हावे असा प्रयत्न मात्र करू नका.

६. कोठे चालेल आणि कोठे नाही, हे कामागणिक ठरवा

सरसकट बंदी पाळली जात नाही आणि सरसकट मुभा अभ्यास पोखरते. म्हणून विद्यार्थ्यांसोबत बसून एकेक काम घ्या. लिहून झालेल्या गद्य टिपणातील शुद्धलेखन तपासणे, श्रोते कोणते प्रश्न विचारू शकतील याची यादी मागणे, एखाद्या विषयाची ढोबळ मांडणी मागवून वर्गात तिच्यातील उणिवा काढणे, यांत मला गैर दिसत नाही. प्रमाणे शोधून देणे, ओवीचा अर्थ अंतिम म्हणून घेणे आणि निरूपणाचे चिंतन लिहवून घेणे यांना मी परवानगी देत नाही. दृष्टांतांच्या बाबतीत विशेष सावध राहा. संतचरित्रातील प्रसंग म्हणून यंत्र अतिशय रंगतदार कथा घडवते, आणि ती एकदा कीर्तनात गेली की चरित्राचा भाग होऊन बसते.

मूल्यमापनही त्यानुसार बदला. लेखी निबंधाचे गुण कमी करून तोंडी सादरीकरणाचे वाढवा. विद्यार्थी प्रमाण देत असताना त्याला मध्येच थांबवून त्याच अभंगाचे आधीचे चरण म्हणायला सांगा किंवा हेच प्रमाण का निवडले, असे विचारा. पाठांतर आणि चिंतन ज्याचे स्वतःचे आहे त्याला याची भीती वाटत नाही, आणि आपल्या संस्थांत ही पद्धत पूर्वापार आहेच.

७. कबुलीचा नमुना द्या, पकडण्याच्या साधनांवर विसंबू नका

मजकूर एआयने लिहिला की माणसाने, हे ओळखण्याचा दावा करणारी साधने बाजारात आहेत. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीने स्वतःचे असे साधन अचूकता कमी असल्याचे कारण देऊन जुलै २०२३ मध्ये मागे घेतले, आणि तेही मुख्यतः इंग्रजीसाठीच होते. मराठी मजकुरावर अशा साधनाचा कौल प्रमाण मानून विद्यार्थ्याला दोषी ठरवणे अन्यायाचे आहे. आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत साम्याच्या टक्केवारीनुसार कारवाईच्या पायऱ्या आहेत, परंतु साम्य शोधणारे साधन आधी प्रसिद्ध झालेल्या मजकुराशी जुळणी पाहते. यंत्राने नव्याने घडवलेली वाक्ये त्यात सापडतीलच असे नाही.

त्याऐवजी प्रत्येक टिपणाखाली पुढील मजकूर लिहून घ्या: 'या टिपणासाठी मी … हे साधन … या कामासाठी वापरले / कोणतेही साधन वापरले नाही. यातील सर्व प्रमाणे मी … या मुद्रित प्रतीत स्वतः पाहिली असून क्रमांक सोबत दिले आहेत.' कबुली देणाऱ्याचे गुण कापू नका. पहिल्याच खऱ्या कबुलीला शिक्षा झाली, तर दुसरी येणार नाही.

८. वय, खासगी माहिती आणि एकांतातील प्रश्न

पाठशाळेतून आलेले काही विद्यार्थी अठरा वर्षांखालील असतात. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली झालेल्या कायद्यात अठरा वर्षांखालील व्यक्तीला बालक मानले असून तिची माहिती वापरण्यासाठी पालकांची संमती आवश्यक धरली आहे. युनेस्कोची मार्गदर्शिका वर्गातील वापरासाठी किमान तेरा वर्षांची मर्यादा सुचवते. वर्गातील प्रयोग अध्यापकाच्या खात्यावर करा आणि विद्यार्थ्यांची नावे, गुरूंशी झालेला संवाद किंवा घरगुती अडचणी त्यात लिहू देऊ नका.

घरापासून दूर राहणारे विद्यार्थी रात्री एकटे असताना साधनेतील अडचणी, घरची ओढ, मनातील संशय हे सगळे यंत्राला विचारतात, आणि याविषयी वर्गात क्वचितच बोलले जाते. अशा साधनांचा कल विचारणाऱ्याच्या मताला दुजोरा देण्याकडे असतो, हे त्यांना समजावून सांगा. त्यांचे संवाद दाखवण्याची सक्ती कधीही करू नका. संस्थेतील कोणाकडे, कोणत्या वेळी मोकळेपणाने जाता येईल, ते नावासह सांगा. प्रश्न मानसिक त्रासाचा असेल, तर शासनाची टेलिमानस ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे, हे फलकावर लिहून ठेवा.

९. अन्य परंपरांतील संस्थांसाठी

पुण्यात ख्रिस्ती धर्मशास्त्राचे उच्च शिक्षण देणाऱ्या जुन्या संस्था आहेत आणि तेथेही प्रवचनाविषयी हाच प्रश्न उभा आहे. व्हॅटिकनच्या दोन विभागांनी २८ जानेवारी २०२५ रोजी कृत्रिम बुद्धिमत्ता आणि मानवी बुद्धी यांच्या संबंधाविषयी विस्तृत टिपण प्रसिद्ध केले असून त्यात शिक्षकाच्या प्रत्यक्ष सहवासाचे महत्त्व सांगणारा शिक्षणविषयक भागही आहे. संतसाहित्याच्या वर्गातही तो वाचून दाखवण्यासारखा आहे. बौद्ध अध्ययनाच्या वर्गात पाली सुत्ते, इस्लामी अध्ययनात हदीस (पैगंबरांच्या वचनांची व कृतींची कथने), अशी चौथ्या पायरीतील गाथेची जागा त्या त्या परंपरेतील मूळ ग्रंथ घेतील. हदीसची परंपरा तर प्रत्येक कथनामागे ते कोणाकडून कोणाकडे आले याची साखळी मागते, त्यामुळे तेथील विद्यार्थ्यांना प्रमाणाचा मुद्दा समजावून सांगावा लागत नाही.

१०. चर्चेनंतर

त्याच आठवड्यात वर्गाने ठरवलेले नियम एका पानावर लिहून विद्यार्थ्यांच्या सह्यांसह ज्येष्ठांना दाखवा आणि ग्रंथालयात गाथेशेजारी ठेवा. तपासणीत सापडलेल्या बनावट रचनांची एक वही करा. तिच्यात रचनेचे फक्त पहिले चरण, ती कोठून आली आणि कोणत्या प्रतींत शोधली, एवढेच लिहा; संपूर्ण रचना उतरवू नका. प्रत्येक सत्राच्या आरंभी चौथ्या पायरीतील प्रयोग नव्याने करा, कारण यंत्रे बदलतात आणि गेल्या वर्षीचे दोष या वर्षी दिसतीलच असे नाही. नियमांच्या पानावर तारीख घालायला विसरू नका.